गॅल्विनच्या आधी काय वाचावे?

प्रवेश आटोपले की अमरावतीच्या गाडगेनगरपासून अकोल्याच्या तोष्णीवाल लेआउटपर्यंत पुस्तकांच्या दुकानांत, झेरॉक्सवाल्यांकडे आणि क्लासच्या पायऱ्यांवर एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘सर, मले ऑपरेटिंग सिस्टिम शिकाची हाये, कोनतं पुस्तक घेऊ?’ उत्तरेही ठरलेली. दुकानदार ‘टेक्निकल’चे नाहीतर ‘निराली’चे पुस्तक काउंटरवर ठेवतो. सर ‘गॅल्विन’ म्हणतात. वरच्या वर्गातला दादा म्हणतो, ‘पुस्तक कायले घेतं, मॉडेल आन्सर वाच नं.’ तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात. फक्त विचारणाऱ्याला नेमके काय शिकायचे आहे, हे तिघांपैकी कोणीच विचारलेले नसते.

ऑपरेटिंग सिस्टिम शिकणे म्हणजे तीन वेगवेगळी कामे आहेत. संगणक वापरता येणे हे पहिले. त्याच्याशी कमांडच्या भाषेत बोलून फायली, परवानग्या, चालू प्रोग्रॅम आपल्या ताब्यात ठेवणे हे दुसरे. आणि हे सगळे आत कसे चालते, एका प्रोसेसरवर पन्नास प्रोग्रॅम एकाच वेळी चालल्याचा भास कसा होतो, हे समजणे तिसरे. वऱ्हाडात पहिल्या कामाची पुस्तके गल्लोगल्ली मिळतात आणि तिसऱ्याची अभ्यासक्रमात बसवलेली असतात. मधली पायरी बहुतेक वेळा गाळली जाते आणि मग पोरगा पहिल्या पायरीवरून थेट तिसरीवर उडी मारतो. पडला की विषय अवघड आहे, असा समज होतो. माझ्या मते विषय तितका अवघड नाही, पुस्तकांचा क्रम चुकलेला आहे.

पहिल्या पायरीवर फार थांबायची गरज नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ मध्ये स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी घराघरांत पोहोचली. शासकीय नोकरीच्या जाहिरातीत तिचे प्रमाणपत्र मागू लागल्यावर तर दर्यापूर-मूर्तिजापुरातही केंद्रांसमोर सायकलींच्या रांगा लागल्या. अभ्यासक्रम मराठीत घेता येतो, ही मोठी सोय. त्याआधीची पिढी रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवरून रॅपिडेक्सचा हिंदी कॉम्प्युटर कोर्स विकत घेऊन डॉस आणि विंडोज शिकली. ही पुस्तके माउस कुठे फिरवायचा ते सांगतात, आणि चांगले सांगतात. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मात्र त्यांतून कळत नाही. कळावे अशी अपेक्षाही नाही. दहा जणांपैकी आठांना तेवढेच हवे असते आणि त्यात कमीपणा काही नाही.

याच पायरीवर एक पुस्तक आहे, ज्याचे नाव अभियांत्रिकीवाले सहसा घेत नाहीत. आयटीआयमध्ये ‘कोपा’ म्हणून एक वर्षाचा व्यवसाय आहे, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. त्याची पुस्तके चेन्नईची ‘निमी’ ही केंद्र सरकारची संस्था काढते. सिद्धांताचे पुस्तक वेगळे, प्रात्यक्षिकाचे वेगळे. विंडोजच्या जोडीला डॉसच्या आणि लिनक्सच्या कमांडही त्यात येतात. छपाई साधी, मजकूर कोरडा, विनोदाचा मागमूस नाही. पण प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात प्रत्येक पाठ ‘हे करा, मग हे करा’ अशा पायऱ्यांनी जातो. घरी संगणक आहे आणि शिकवायला कोणी नाही, अशा मुलामुलींसाठी मला हे पुस्तक रंगीत मुखपृष्ठाच्या कितीतरी पुस्तकांपेक्षा बरे वाटते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने आयटीआयचे पुस्तक हातात धरायला लाजू नये, एवढेच.

बारावीच्या बायफोकलचे प्रकरण निराळे. संगणकशास्त्र घेतले की दोनशे गुणांचा विषय मिळतो, म्हणून अकोल्यात त्या जागांसाठी चढाओढ असते. या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे पहिलेच प्रकरण ऑपरेटिंग सिस्टिमचे राहिले : माहिती व्यवस्थापन, प्रक्रिया व्यवस्थापन, स्मृती व्यवस्थापन ही त्रयी, आणि उदाहरणांना विंडोज ९८ च्या जमान्यातली सिस्टिम. मुलांच्या हातात तोवर अँड्रॉइड आलेला होता. चौकट चांगली, उदाहरणे शिळी. तरीही या प्रकरणाने एक उपकार केला. सिस्टिमची कामे तीन कप्प्यांत लावून विचार करायची सवय त्याने सतराव्या वर्षी लावली. पुढची जाडजूड पुस्तके वाचताना हे कप्पे उपयोगी पडतात.

आता गॅल्विन. सिल्बरशात्स आणि गॅल्विन यांचे ‘ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स’, ज्याच्या मुखपृष्ठावर डायनासोर असतात. पहिली आवृत्ती १९८३ ची, दहावी २०१८ ची. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठही १९८३ चेच. बडनेरा, शेगाव आणि अकोल्याजवळच्या बाभुळगावची अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच सुमारास सुरू झाली. म्हणजे वऱ्हाडातली खासगी अभियांत्रिकी आणि हे पुस्तक एकाच वयाचे. संदर्भग्रंथांच्या यादीत त्याचे नाव नाही असा अभ्यासक्रम शोधून सापडायचा नाही.

पुस्तक वाईट नाही. उलट, व्याख्या नेमक्या आहेत आणि मांडणी पक्की आहे. पण ते नवशिक्यासाठी नाही, नवशिक्याला शिकवणाऱ्यासाठी आहे. त्यातली उदाहरणे परीक्षेत इतकी फिरली आहेत की ती स्वतंत्रपणेच जगतात. शेड्युलिंगचे घ्या. तीन प्रक्रिया एकदमच आल्या, त्यांना लागणारा वेळ २४, ३ आणि ३ एकक. आलेल्या क्रमाने सोडल्या तर सरासरी प्रतीक्षा १७ एकक, छोट्या आधी सोडल्या तर फक्त ३. आकडेमोड पाच मिनिटांची आणि गुण हमखास. पण मुलगा हे गणित पन्नासदा सोडवतो आणि त्यात दडलेली गोष्ट त्याला दिसत नाही. ती त्याने गावाकडे पाहिलेली असते. कापूस खरेदी केंद्रावर पहाटे कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉल्या काट्यासमोर लागतात आणि मागे बैलगाडीत दोन क्विंटल घेऊन आलेला माणूस दिवसभर ताटकळतो. त्याचे काम दहा मिनिटांचे, थांबणे आठ तासांचे. पुस्तकात याला ‘कॉन्व्हॉय इफेक्ट’ म्हणतात. आणि लहान माप आधी घ्यायचा नियम केला तर ट्रॉलीवाला संध्याकाळपर्यंत काट्यावर चढत नाही. ते झाले ‘स्टार्व्हेशन’. एवढे सांगितले की वऱ्हाडातला पोरगा पुढचे प्रकरण स्वतःच विचार करत वाचतो. गॅल्विनने हे सांगायला हवे होते असे नाही. वर्गात कोणीतरी सांगायला हवे.

बेलाडीच्या विसंगतीचेही तेच. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ हा पानांचा क्रम महाराष्ट्रातल्या कुठल्याही डिप्लोमावाल्याला झोपेत येतो. आधी आलेले पान आधी काढायचे ठरवले तर तीन चौकटींत ९ वेळा पान चुकते आणि चौथी चौकट दिली की १० वेळा. स्मृती वाढवली तर काम बिघडले! हा खरे म्हणजे आश्चर्याने खुर्चीवरून उठायचा क्षण. आपल्याकडे तो चार गुणांचा प्रश्न होतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या ‘आय’ योजनेत या विषयाचा क्रमांक होता २२५१६, आणि त्या क्रमांकाच्या मॉडेल आन्सरच्या पीडीएफ मुलांच्या मोबाइलमध्ये गाण्यांपेक्षा जास्त असत. त्या वाचून पास होता येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पास व्हायचे असेल तर वाचाव्यात. शिकण्यासाठी मात्र दुसरे काहीतरी लागेल.

ते दुसरे काहीतरी म्हणजे मधली पायरी. चालू असलेली प्रक्रिया एकदाही डोळ्यांनी न पाहता ‘प्रोसेस स्टेट डायग्रॅम’ काढणे म्हणजे घोकंपट्टीच. लिनक्सच्या काळ्या खिडकीत ‘पीएस’ किंवा ‘टॉप’ लिहिले की त्याच आकृतीतल्या झोपलेल्या, चालू असलेल्या, मरून पडलेल्या प्रक्रिया नावानिशी समोर येतात. ‘किल’ म्हटले की एक जाते. हे आधी करावे आणि आकृती नंतर काढावी.

या पायरीसाठी आपल्या शेजारच्याच माणसाने लिहिले आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ माहीत नाही असा प्रोग्रॅमर भारतात विरळा. त्यांचेच ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’ आहे. कानेटकरांची इंग्रजी म्हणजे वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या, पोरांची भीती ओळखणाऱ्या मास्तरांची इंग्रजी. वाक्ये छोटी, मध्येच एखादी कोपरखळी, आणि प्रत्येक मुद्द्यामागे चालवून पाहता येईल असा प्रोग्रॅम. डॉसच्या काळात त्यांनी ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’सारखे पुस्तक लिहिले होते. प्रोग्रॅम संपल्यावरही स्मृतीत ठाण मांडून बसणारे प्रोग्रॅम कसे लिहायचे, ते त्यात होते. आज त्याचा व्यवहारी उपयोग शून्य, पण सिस्टिमच्या पोटात हात घालायची चटक एका पिढीला अशाच पुस्तकांनी लावली. शेलचे पुस्तक काही ठिकाणी जुने वाटेल. जुन्या युनिक्सच्या खुणा त्यात आहेत. तरी घ्यावे.

सुमिताभ दास यांचे ‘युनिक्स : कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स’ जास्त सविस्तर, जास्त शिस्तीचे. एकदा वाचून ठेवून द्यायचे हे पुस्तक नाही, टेबलावर कायम असावे. कानेटकर वाचून झाल्यावर दास घ्यावे, उलट करू नये.

पैसे नसतील तर विल्यम शॉट्स यांचे ‘द लिनक्स कमांड लाइन’ लेखकानेच मोफत पीडीएफ म्हणून दिले आहे. या पायरीवर एकच पुस्तक सांगायचे तर मी हे सांगेन. इंग्रजी सोपी, आणि सुरुवात अगदी ‘आपण आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत’ इथपासून. इंग्रजीचीच अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे पाठ मराठी आवाजात आहेत. पाठ लहान, एका वेळी एकच गोष्ट. एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला आपली खिडकी ठेवून बरोबरीने करत जायचे, अशीच त्यांची पद्धत आहे. ते पुस्तक नाही, हे खरे. पण आपल्याकडच्या कितीतरी पुस्तकांनी त्यांच्याकडून क्रम शिकावा.

मशीन कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. घरातल्या एकुलत्या लॅपटॉपचे विभाजन करून लिनक्स टाकायच्या भानगडीत पहिल्याच आठवड्यात पडू नये. वडिलांचा डेटा जातो आणि शिक्षण तिथेच थांबते. विंडोजच्या आत व्हर्च्युअलबॉक्स टाकता येतो, किंवा २०१६ पासून मायक्रोसॉफ्टनेच दिलेली लिनक्सची सोय, डब्ल्यूएसएल, चालू करता येते. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचे ॲप मिळते. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, त्यामुळे शॉट्सच्या पहिल्या अर्ध्या पुस्तकाचा सराव बडनेरा-अमरावती बसमध्ये उभ्या उभ्याही होतो. फोनचा कीबोर्ड त्रास देतो, इतकेच.

मधली पायरी झाली की तिसरीवर जावे, तरीही थेट गॅल्विनवर नाही. सोलापूरचे अच्युत गोडबोले मराठी वाचकांना ‘किमयागार’, ‘अर्थात’, ‘नादवेध’ या पुस्तकांमुळे माहीत आहेत. त्यांचे ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ हे टाटा मॅकग्रॉ-हिलने काढलेले पाठ्यपुस्तक, ज्याच्या पुढच्या आवृत्तीत अतुल कहाते सहलेखक झाले, अनेकांना माहीत नसते. गोडबोले अनेक वर्षे सॉफ्टवेअर उद्योगात राहिले आणि ते पुस्तकात दिसते. सुरुवातीला ते डिस्कपाशी जातात. प्रोग्रॅमने एक नोंद मागितली, तर ती मागणी कुठल्या कुठल्या थरांतून उतरत शेवटी कुठल्या सेक्टरवर पोहोचते, हे ते बोट धरून दाखवतात. बारावीच्या प्रकरणातली ती त्रयी इथे मांसल होऊन भेटते. काहींना हे पुस्तक पसरट वाटते. नवशिक्याला पसरटपणाच हवा असतो, आटोपशीरपणा नंतर.

आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांचे ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ याच्या अगदी उलट प्रकृतीचे. असेंब्लर, लिंकर, लोडर इथून ते सिस्टिमपर्यंत येते. शब्द मोजून वापरलेला, एक परिच्छेद सुटला की पुढचा कळत नाही. हुशार पण आळशी विद्यार्थ्याला हे पुस्तक अजिबात दाद देत नाही. ‘गेट’ची तयारी करणाऱ्याने मात्र ते टाळू नये.

आणि मग ‘थ्री ईझी पीसेस’. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रेम्झी आणि आंद्रेआ अर्पाची-ड्युसो या दांपत्याचे हे पुस्तक प्रकरणा-प्रकरणाने मोफत उपलब्ध आहे. विषयाचे तीन भाग : आभासीकरण, समांतरता आणि टिकाऊपणा. प्रत्येक भागाची सुरुवात प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्या संवादाने होते. ज्ञानेश्वरी-एकनाथी भागवताच्या प्रदेशातल्या वाचकाला गुरु-शिष्य संवाद परका वाटू नये. लेखक आधी अडचण उभी करतात, मग एक चुकीचा उपाय सुचवतात, तो का फसतो ते दाखवतात आणि त्यानंतरच बरोबर उपायाकडे येतात. गॅल्विन उत्तर देतो, हे पुस्तक आधी प्रश्न पाडते. आजच्या घडीला तिसऱ्या पायरीसाठी माझी पहिली पसंती हीच.

त्यातला टिकाऊपणाचा भाग वऱ्हाडात वाचण्याची वेगळी मजा आहे. भारनियमनाच्या काळात संगणक शिकलेल्यांना चालू कामात दिवे जाण्याचा अनुभव चांगलाच आहे. विंडोज ९८ असेल तर वीज आल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू व्हायचा आणि सगळे हात जोडून बसायचे. कारण त्या काळच्या फॅट फाइल पद्धतीत लिहिणे अर्धवट तुटले, तर नेमके काय तुटले याची नोंद कुठेच नसे. त्यामुळे सगळी डिस्क तपासावी लागे. पुढे एनटीएफएस विंडोज एक्सपीतून घरोघरी आली आणि २००१ च्या अखेरीस लिनक्सच्या गाभ्यात ईएक्सटी३ दाखल झाली. या पद्धती बदल करण्याआधी रोजनाम्यात तो नोंदवतात. वीज गेली तर उठल्यावर रोजनामा वाचायचा आणि अर्धवट राहिलेले पुरे करायचे, नाहीतर सोडून द्यायचे. एवढ्या साध्या युक्तीने अर्ध्या तासाचे काम काही सेकंदांवर आले. हे प्रकरण शिकवताना प्रयोगशाळेत संगणकाचा प्लग मुद्दाम काढून दाखवणारा शिक्षक मिळाला, तर पुस्तकाची निम्मी किंमत वसूल. नव्या मशीनवर करू नये, भांडारात पडलेले जुने घ्यावे.

टॅननबॉमचे नाव घेतल्याशिवाय हा आढावा कोणी पुरा मानणार नाही. ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅननबॉम यांनी १९८७ मध्ये ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स : डिझाइन अँड इम्प्लिमेंटेशन’ काढले आणि त्याच्याबरोबर मिनिक्स ही छोटी सिस्टिम दिली. हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते पुस्तक वाचले, मिनिक्सवर काम केले आणि १९९१ मध्ये स्वतःचा गाभा लिहायला घेतला. पुढचे जगाला माहीत आहे. मात्र लिनक्स या पुस्तकातून निघाले, म्हणून तेच पहिले वाचावे, हा तर्क मला पटत नाही. टॉरवाल्ड्स तोवर बरीच वर्षे यंत्रभाषेत प्रोग्रॅम लिहीत होता. मधली पायरी त्याने कधीच ओलांडली होती.

आणखी खोलात जायचे असेल तर एमआयटीची ‘एक्सव्ही६’ पाहावी. तिचा सगळा कोड आणि सोबतचे छोटे पुस्तक, दोन्ही मोफत. तिचे मूळ युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आहे. त्या आवृत्तीवर ऑस्ट्रेलियातले जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये वर्गासाठी भाष्य लिहिले होते. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते उघडपणे छापता आले नाही आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून ते वाचले. अखेर १९९६ मध्ये ते रीतसर प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या झेरॉक्सवाल्यांना त्यांच्या धंद्याची ही थोर परंपरा सांगायला हरकत नाही.

मराठीचे काय? पहिल्या पायरीवर मराठी आहे. तिसऱ्या पायरीच्या दिशेने अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ई-कुंभवर भारतीय भाषांत पाठ्यपुस्तके द्यायला सुरुवात केली आहे, मराठीही त्यात आहे. भाषांतराचा वास जागोजागी येतो, पण काम सुरू झाले हे महत्त्वाचे. मधल्या पायरीवर मात्र डोळे मिटून शिफारस करावी असे मराठी पुस्तक माझ्या कपाटात नाही. गंमत अशी की ते लिहू शकणारी माणसे आपल्यातच आहेत. गोडबोल्यांनी मराठीत विज्ञान, अर्थशास्त्र, संगीत यांवर भरभरून लिहिले आणि ऑपरेटिंग सिस्टिमवर इंग्रजीत. कानेटकरांचेही इंग्रजीतच. यात त्यांचा दोष नाही. विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत, म्हणून प्रकाशकाचा हिशेबही इंग्रजीत. पण कमांडच्या पुस्तकाला परीक्षेची अट नाही. दोनशे पानांत, मराठीत, प्रत्येक पानावर करून पाहायला काहीतरी, असे पुस्तक कोणा अमरावती-अकोल्याच्या शिक्षकाने लिहिले तर बीसीएच्या पोरांपासून संगणक टंकलेखनाच्या संस्थेतल्या बायाबापड्यांपर्यंत सगळे घेतील. कमांड इंग्रजी अक्षरांतच राहतील. त्याने काही बिघडत नाही. ‘ग्रेप’ हा शब्द इंग्रजी मुलांनाही परकाच असतो.

शेवटी पैशांचा मुद्दा, कारण या पुस्तकांच्या किमती ऐकून घरचे गप्प होतात. जुन्या आवृत्त्या बिनदिक्कत घ्याव्यात. शेड्युलिंग, डेडलॉक, सेमाफोर यांची मूळ मांडणी बहुतांशी १९६० आणि ७० च्या दशकांतली आहे. डाइक्स्ट्राचा बँकर्स अल्गोरिदम सातव्या आवृत्तीत तोच आणि दहाव्यातही तोच. जुन्या पुस्तकात खरोखर म्हातारे झाले आहे ते डिस्क शेड्युलिंगचे प्रकरण. फिरत्या तबकडीवर वाचणारा हात कमीत कमी कसा हलवायचा, हा त्याचा विषय. आता प्रयोगशाळांत एसएसडी आल्या. त्यांत तबकडी नाही, हातही नाही. म्हणून ते प्रकरण इतिहास म्हणून वाचावे आणि एसएसडीसाठी ‘थ्री ईझी पीसेस’मधले त्यावरचे प्रकरण उतरवून घ्यावे. प्रश्नपत्रिकेसाठी मात्र गॅल्विनचे जुने उदाहरण पाठच ठेवावे लागेल : रांगेत ९८, १८३, ३७, १२२, १४, १२४, ६५, ६७. आलेल्या क्रमाने गेलात तर हात ६४० सिलिंडर हलतो, जवळचे आधी घेतलेत तर २३६. घरच्या लॅपटॉपमधून तो हात केव्हाच गेला. परीक्षेत तो अजून ५३ व्या सिलिंडरवरून निघतो.